‘बालमृत्यू दर’ हा शब्द आपल्या बोलण्यात कसा आला?

आपल्याकडे ‘दर’ म्हटले की आधी तेंदूपत्त्याचा दर आठवतो, मग धानाचा. तरीही धानोऱ्यात आज आशाताईंपासून सरपंचांपर्यंत अनेक जण ‘बालमृत्यू दर’ हा शब्द सहज वापरतात. खरे तर तो जन्म-मृत्यूच्या हिशेबवह्यांतला शब्द.

हिशेब सोपा आहे. एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर १००० बाळांमागे पहिला वाढदिवस न पाहिलेली बाळे किती, हा अर्भक मृत्यू दर. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू मोजले तर नवजात मृत्यू दर. पाच वर्षांपर्यंतचे धरले तर बालमृत्यू दर. बोलण्यात मात्र हे तिन्ही ‘बालमृत्यू’ या एकाच शब्दात मिसळून गेले.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. पण हा आकडा बरीच वर्षे सरकारी अहवालांतच राहिला. १९९० च्या दशकात मेळघाटातल्या बातम्यांमुळे तो घराघरांत पोहोचला, आणि सोबत ‘कुपोषणबळी’ हा शब्दही आला. त्या शब्दाने सरकारला हलवले हे खरे, पण लोकांची एक समजूतही पक्की केली: बाळ दगावते ते उपासमारीने.

आपल्या तालुक्यातच, चातगावजवळच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने वेगळा मार्ग धरला. गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत त्यांनी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला. बाळे मुख्यतः पहिल्या महिन्यातच जात होती, आणि कारणे होती जंतुसंसर्ग, कमी वजन, दिवस भरण्याआधीचा जन्म, जन्मताच श्वास न घेणे. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बायांनी घरोघरी जाऊन काळजी घेतली, तेव्हा नवजात मृत्यू दर सुमारे ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, बाळाचे वजन करतात, ताप पाहतात, ती पद्धत इथलीच.

२००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. राज्यातल्या १३ संस्थांनी मिळून केलेल्या मोजणीचा. कित्येक मृत्यू सरकारी नोंदीत येतच नव्हते, हे त्यातून दिसले. नावही असे की आकड्याची भीती वाटत नाही. जंगलातल्या माणसाला पानगळ समजावून सांगावी लागत नाही. कोवळे पान गळणे अवेळीच, हेही त्याला ठाऊक असते.

शब्द रुळला की त्याचा धाकही बसतो. ‘दर वाढला’ म्हणून कर्मचाऱ्याला जाब विचारला जातो, आणि मग तासाभराने गेलेले बाळ कागदावर ‘मृत जन्मले’ असे लिहिण्याचा मोह होतो. तसे लिहिले की ते जिवंत जन्मांतही मोजले जात नाही आणि मृत्यूंतही नाही.

लहान गावाचा दर काढणे मात्र मला पटत नाही. वर्षात १० बाळे जन्मली आणि एक गेले, तर दर १०० होतो; पुढच्या वर्षी एकही गेले नाही तर शून्य. एवढ्यावरून गावाला नावे ठेवू नयेत की शाबासकीही देऊ नये. तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे काही वर्षांचे आकडे पाहावेत.

तुमच्या घरी बाळ रडले असेल, हातपाय हलवले असतील किंवा एकदा जरी श्वास घेतला असेल, तर ते जिवंत जन्मलेले आहे. दुर्दैवाने ते गेलेच, तर २१ दिवसांच्या आत जन्म आणि मृत्यू, दोन्ही नोंदवून घ्या.