मेरिट नावाच्या शब्दाची झडती



कॉलेजात, हॉस्टेलात, नोकरीच्या मुलाखतीत 'मेरिट' हा शब्द आपल्या पोरांच्या तोंडावर फेकला जातो. राखीव जागेवर आलास म्हणजे मेरिट नाही, विषय संपला. पोरगं गप बसतं. इंग्रजी शब्दाचा दरारा असतो ना! म्हणून आज या शब्दाचीच झडती घेऊ. तो कुठून आला, कुणी कसा वापरला, ते इतिहासाला विचारू.

गावात हा शब्द नव्हता. गावात 'लायकी' होती. 'लायकी बघून बोल', 'लायकीनं राहा'. ती मोजायला परीक्षा लागत नव्हती, जात पुरत होती. दया पवार आपल्या नगर जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांच्या १९७८ च्या पुस्तकाचं नावच 'बलुतं'. महारानं सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं आणि वर बलुतं मागत दारोदार फिरायचं. काम ठरलेलं, मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर. तिकडं कुलकर्ण्याचं पोरगं कुलकर्णी झालं तेव्हा त्याला मार्क कुणी विचारले? वतन म्हणजे जन्मानं मिळालेली राखीव जागाच होती की!

आता मेरिटचं मूळ बघा. ते लॅटिन भाषेत आहे. तिथं 'मेरेरे' म्हणजे कमावणं, 'मेरितुम' म्हणजे कमावलेलं. रोमन शिपाई पगारावर चाकरी करायचा, तिलाही हेच क्रियापद लागायचं. म्हणजे शब्द मुळात राबणाऱ्याचा. हा अर्थ ध्यानात ठेवून पुणे-नगर रस्त्यावरचा कोरेगाव भीमाचा स्तंभ वाचा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्यावर कोरलीत. त्यांत 'नाक' लागलेली २२ नावं महार शिपायांची. तरी १८९० च्या दशकात त्याच इंग्रज सरकारनं महारांची भरती बंद केली. म्हणे ही लढाऊ जात नव्हे! १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. रक्तानं दिलेली परीक्षा, आणि निकाल लावणारा दुसराच.

कागदावरच्या परीक्षेची गोष्ट आणखी बोलकी आहे. वशिल्यानं साहेब नेमायची पद्धत मोडून १८५५ साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसची खुली परीक्षा सुरू झाली. खुली, पण लंडनला. आगबोटीचं भाडं, तिथला खर्च, समुद्र ओलांडला म्हणून जातीचा बहिष्कार. वर १८७८ पासून वयाची अट १९ वर आणली. १८८५ साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. तिथं ठराव झाला की ही परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्या. ती इथं घ्यायला १९२२ साल उजाडलं.

त्या शिकलेल्या, बहुतेक उच्चवर्णीय पुढाऱ्यांचं म्हणणं काय होतं? पेपर सगळ्यांना एकच असला तरी तिथवर पोचायची वाट सारखी नाही, म्हणून ही परीक्षा न्यायाची नाही. बरोबरच होतं त्यांचं! आपण दुसरं काय म्हणतो? आपलं लंडन तर वेशीच्या आतच होतं. शाळेची पायरी आणि पाणवठा, दोन्ही सात समुद्रापलीकडं. पण हेच म्हणणं त्यांच्या तोंडी राष्ट्रीय मागणी, आणि आपल्या तोंडी आलं की खैरात.

गिरणीत आम्ही पाळीचं उत्पादन मोजतो तेव्हा आधी विचारतो, साचा कुठला होता? मोडक्या, घडीघडी धागा तोडणाऱ्या साच्यावर माणूस उभा केला तर त्याचं सूत कमीच भरणार. हे अडाणी कामगारालाही कळतं. मार्क मोजणाऱ्या शहाण्यांना कळत नाही.

आणि दार उघडलं की काय होतं, त्याचा दाखला आपल्या नगराशी जोडलेला आहे. सिंथिया फरारबाई नगरला मुलींच्या शाळा चालवत. त्या बघून जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत मुक्ता साळवे ही मांगाची पोर शिकली. वय १४ च्या आसपास, शाळेत जाऊन थोडकीच वर्षं झालेली. तिचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'त छापून आला. हे पत्र १८४२ साली नगरलाच निघालेलं. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल त्या पोरीनं केला. आणि पुढच्याच वर्षी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला दारातून परत लावलं. त्याचं मेरिट कुणी, कधी मोजायचं?

खुद्द इंग्लंडातली एक गोष्ट ऐका. १९५८ साली मायकेल यंग नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 'द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी' हे पुस्तक लिहिलं. मेरिटॉक्रसी म्हणजे मेरिटवाल्यांचं राज्य. पुस्तक टवाळीचं आहे. वर बसलेले स्वतःला लायकच समजू लागतात आणि खालच्याला सांगतात, तू नालायक म्हणून खाली. शेवटी खालचे लोक बंड करतात. पण जगानं टवाळी विसरून शब्द तेवढा डोक्यावर घेतला. म्हाताऱ्या यंगला २००१ साली वर्तमानपत्रात तक्रार करावी लागली की पंतप्रधान टोनी ब्लेअर हा शब्द कौतुकानं वापरतात.

आपल्याकडं सुप्रीम कोर्टानंही २० जानेवारी २०२२ च्या निकालात सांगितलं की खुल्या परीक्षेतले गुण म्हणजेच मेरिट नव्हे. घरचा पैसा, वातावरण, पिढीजात शिक्षण यांचा फायदा त्या गुणांत दिसत नाही. निकाल डॉक्टरीच्या पदव्युत्तर प्रवेशातल्या ओबीसींच्या २७ टक्के जागांचा होता. तो वाचा, पाठ करा.

तेव्हा पुढच्या खेपेला कुणी मेरिट म्हणालं की गप बसू नका. विचारा: परीक्षा कुठं घेतली? तिथवरचं भाडं कुणी भरलं? तोवर दार कुणाला बंद होतं? आणि हा शब्द त्यांना आंदण देऊ नका. तो कमावणाऱ्याचा आहे. आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावून ठेवलंय. मोबदला तेवढा बाकी आहे, आणि तो मागण्यात कसली लाज?

जय भीम.