बाह्य साठवण, व्हिडिओ संपादनासाठी

संगणकाला केबलने जोडून फुटेज ठेवण्याचे व त्यावरूनच थेट संपादन करण्याचे सुटे साधन. फिरत्या चुंबकीय तबकड्यांची हार्ड डिस्क आणि फ्लॅश स्मृतीची एसएसडी हे त्याचे दोन मुख्य प्रकार. खोक्यावर ठळक छापलेली क्षमता पाहून निवड केली जाते. संपादनात मात्र वाचनाचा वेग अधिक निर्णायक ठरतो.

क्षमता : रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर परिसरातील नमन-खेळ्यांचे उदाहरण घेता येईल. गण, गौळण, वगनाट्य असा हा प्रयोग रात्र जागवतो. १०० मेगाबिट प्रतिसेकंद दराने ४के चित्रण करणारा कॅमेरा तासाला ४५ गिगाबाइट जागा घेतो. तीन कॅमेऱ्यांचे पाच तासांचे चित्रण ६७५ गिगाबाइट होते. तेच संपादनासाठी प्रोरेस ४२२ स्वरूपात (४के, सेकंदाला २५ चौकटी) बदलले, तर सुमारे ३.३ टेराबाइट लागतात. कमी दर्जाच्या प्रॉक्सी फाइली बनवून संपादन केल्यास हा भार बराच घटतो.

वेग : खिशात मावणारी २.५ इंची हार्ड डिस्क एक सलग फाइल साधारण १०० ते १४० मेगाबाइट प्रतिसेकंद वाचते. तीन कॅमेऱ्यांची दृश्ये एकदम पाहताना तिचे वाचनशीर्ष एका फाइलवरून दुसरीकडे धावत राहते आणि वेग आणखी घसरतो. तीन प्रोरेस प्रवाहांना मात्र सुमारे १८५ मेगाबाइट लागतात. एसएसडीत हलता भाग नसतो. साटा प्रकारची सुमारे ५०० आणि १० गिगाबिट जोडणीवरील एनव्हीएमई सुमारे १,००० मेगाबाइटपर्यंत जाते.

जोडणी : यूएसबी २.० (२०००) ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट, यूएसबी ३.० (२००८) ची ५ गिगाबिट, तर थंडरबोल्ट ३ (२०१५) ची ४० गिगाबिट प्रतिसेकंद आहे. टाइप-सी हा केवळ पिनेचा आकार होय. मोबाइल चार्जरसोबतची केबल अनेकदा यूएसबी २.० वेगाचीच असते. तिच्यामुळे महागडी एसएसडीही रखडते.

फाइल पद्धती : विंडोज व मॅक दोन्हींवर काम असल्यास एक्सफॅट सोयीची. फॅट३२ मध्ये ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही.

हाताळणी व जतन : गणपतीतील जाखडी नृत्याचे चित्रण ऐन पावसाळी हवेत होते. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेल्या थंड साधनावर बाष्प धरते. म्हणून ते सामान्य तापमानाला आल्यावरच जोडावे आणि एरवी सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावे. हार्ड डिस्क चालू असताना हलवू नये. एसएसडी वीजपुरवठ्याविना वर्षानुवर्षे ठेवल्यास माहिती पुसट होण्याचा धोका असतो. त्यामुळे संपादन एसएसडीवर आणि दीर्घ जतन स्वस्त हार्ड डिस्कवर अशी विभागणी सोयीची ठरते. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, हा जतनाचा रूढ नियम आहे. निदान दुसरी प्रत तपासून झाल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.