नांव आणि नोंद

मुखेड नांवाचीं दोन गांवें महाराष्ट्रांत आहेत. एक नांदेड जिल्ह्यांतील आमचें तालुक्याचें गांव; दुसरें नाशिक जिल्ह्यांत, येवले तालुक्यांत. टपाल खात्यास त्याची अडचण पडत नाहीं. पत्त्यांत जिल्हा लिहिला कीं काम भागतें. इंटरनेटवरील संकेतस्थळांच्या नांवांत मात्र ही सोय नाहीं. एका प्रत्ययाखालीं एक नांव एकासच मिळतें, आणि जो आधीं नोंदवील त्यासच तें मिळतें.

हा प्रकार आला कसा, तें पाहूं. यंत्र यंत्रास ओळखतें तें अंकांनीं. माणसाच्या सोयीसाठीं नांवांची एकच यादी अमेरिकेंत ठेवलेली असे. यंत्रें वाढलीं, तशी ती अपुरी पडूं लागली. १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं तिच्या जागीं श्रेणीबद्ध रचना आंखली, तीच आजची डोमेन-पद्धति. भारतास '.इन' हा प्रत्यय १९८९ सालीं मिळाला. सर्वसामान्यांस तो मोकळेपणीं मिळूं लागला २००५ सालीं.

या रचनेचे नियम रोमन लिपीच्या मापाचे होते. नांवाच्या एका भागांत अक्षरें, अंक व जोडरेघ एवढींच चालत; तीं ६३ हून अधिक नसावींत, आणि रेघ आरंभीं वा शेवटीं येऊं नये. आतां नांदेड हा शब्द घ्या. त्यांतील 'द' आणि 'ड' या दोहोंस रोमनमध्यें एकच अक्षर! निजामी राजवटींत आमच्याकडे दफ्तराची भाषा उर्दू होती. पण त्या लिपींतही 'द' आणि 'ड' निराळे लिहितां येत. ही उणीव २७ ऑगस्ट २०१४ रोजीं भरून निघाली. त्या दिवशीं '.भारत' हा देवनागरी प्रत्यय मराठी, कोंकणीसह आठ भाषांसाठीं खुला झाला. यंत्र आंतल्या आंत त्याचें रोमन सांकेतिक रूप करतें. ६३ ची मर्यादा त्या रूपास लागते.

तथापि नोंद म्हणजे मालकी नव्हे; तो भाडेपट्टा आहे. '.इन'ची मुदत एक ते दहा वर्षें. ती संपल्यावर वेळेंत नूतनीकरण न झाल्यास तें नांव अखेर इतरांस मोकळें होतें. म्हणून शाळेनें वा वाचनालयानें नोंद संस्थेच्याच नांवें करावी. काम करून देणाऱ्या कारागिराच्या नांवें करूं नये. त्याचप्रमाणें, आधीं नोंदविलें म्हणजे सर्व हक्क मिळाला, असेंही नाहीं. 'सत्यम इन्फोवे'च्या 'सिफी' या नांवाशीं जुळणारें 'सिफ्फीनेट' दुसऱ्यानें घेतलें, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं निवाडा दिला, कीं दुसऱ्याच्या लौकिकावर आपला व्यापार चालविण्याविरुद्ध जें संरक्षण व्यापारी नांवास आहे, तें अशा नांवासही आहे.

तेव्हां नांव निवडतांना तें दुसऱ्याचें तर नाहीं ना, हें प्रथम पाहावें. मग तें दूरध्वनीवरून कोणास सांगून पाहावें. ऐकणाऱ्यानें न विचारतां बिनचूक लिहून घेतलें, तरच पुढें नोंदीस जावें.