ओपिऑइड विथड्रॉवलचे वैद्यकीय कोडिंग

ओपिऑइड विथड्रॉवलचे वैद्यकीय कोडिंग म्हणजे अफूजन्य व तत्सम कृत्रिम द्रव्ये बंद केल्यावर किंवा त्यांची मात्रा घटवल्यावर उद्भवणाऱ्या लक्षणसमूहाची रुग्णपत्रिकेत नोंद करणे आणि त्या नोंदीवरून निदानाला प्रमाणित संकेतांक देणे होय. महाराष्ट्रात व्यसनींच्या बोलीत या अवस्थेला 'टर्की' म्हणतात.

रुग्णपत्रिकेतील नोंद

नोंदीत द्रव्याचे नाव, मात्रा व शेवटच्या सेवनाची वेळ असणे आवश्यक असते. हेरॉइनबाबत लक्षणे साधारणतः ६ ते १२ तासांत, तर मेथाडोनबाबत २ ते ४ दिवसांत सुरू होतात. विस्फारलेल्या बाहुल्या, जांभया, घाम, अंगावर काटा, नाक-डोळ्यांतून पाणी, स्नायुदुखी, उलट्या व जुलाब ही प्रमुख लक्षणे होत. तीव्रता मोजण्यासाठी 'क्लिनिकल ओपिएट विथड्रॉवल स्केल' ही ११ घटकांची मापनश्रेणी वापरतात. तीत ५ ते १२ गुण सौम्य, १३ ते २४ मध्यम, २५ ते ३६ मध्यम-तीव्र आणि ३६ पेक्षा अधिक गुण तीव्र अवस्था दर्शवतात. ब्युप्रेनॉर्फिन वेळेआधी दिल्यास लक्षणे एकाएकी बळावू शकतात. त्यामुळे वेळ व गुणांक यांची नोंद उपचारासाठीही निर्णायक ठरते.

संकेतांक

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० वर्गीकरणात या अवस्थेसाठी एफ११.३, तर सोबत डिलिरियम असल्यास एफ११.४ हा संकेतांक आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये तो ६सी४३.४ असा आहे. अमेरिकेतील आयसीडी-१०-सीएम या आवृत्तीत अवलंबित्वासह विथड्रॉवलसाठी एफ११.२३ आणि अनिर्दिष्ट वापरासाठी एफ११.९३ हे संकेतांक आहेत, गैरवापरासाठीचा एफ११.१३ हा संकेतांक १ ऑक्टोबर २०२० पासून समाविष्ट झाला. मातेच्या व्यसनामुळे नवजात बालकात दिसणाऱ्या लक्षणांसाठी पी९६.१ वापरतात.

महत्त्व

शारीरिक अवलंबित्व आणि व्यसन या भिन्न गोष्टी आहेत. कर्करोगाच्या वेदनांसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णालाही विथड्रॉवल होऊ शकते. डीएसएम-५ नुसार अशा रुग्णात केवळ त्या आधारे व्यसनविकाराचे निदान करता येत नाही. चुकीच्या संकेतांकामुळे त्याच्यावर व्यसनी असा शिक्का बसू शकतो. म्हणून कोडिंग करणाऱ्याने केवळ गुणांकावरून निदान गृहीत धरायचे नसते. नोंद संदिग्ध असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून खुलासा मागवला जातो.