लॉरेल-हार्डी लघुपट : घरगुती आवृत्त्या

स्टॅन लॉरेल (१८९०–१९६५) आणि ऑलिव्हर हार्डी (१८९२–१९५७) या विनोदी जोडीचे अमेरिकी लघुपट, आणि ते घरी पाहता यावेत म्हणून गेल्या सत्तरेक वर्षांत निघालेल्या त्यांच्या ८ मिमी फिल्म, व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी व ब्लू-रे आवृत्त्या. जोडीच्या नावावर ३२ मूक आणि ४० बोलके लघुपट व २३ पूर्ण लांबीचे चित्रपट जमा आहेत. लघुपट बहुतेक दोन रिळांचे, म्हणजे वीसेक मिनिटांचे. त्यांतले जवळजवळ सगळे कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटी येथे हॅल रोच यांच्या स्टुडिओत तयार झाले. मराठीत ही जोडी ‘जाड्या-रड्या’ या नावाने ओळखली जाते. नाव ठेवणाऱ्याची नजर चांगली असली पाहिजे. हार्डीचा आकार कुणालाही दिसतो. पण टोपी काढून, केस विस्कटून लॉरेल रडू लागतो तेव्हाच तो खरा लॉरेल होतो, हे त्या नाव ठेवणाऱ्याने बरोबर हेरले.

या लघुपटांचे चाहते एकत्र आले की गप्पा लवकरच विनोदावरून आवृत्त्यांवर घसरतात. कोणत्या तबकडीत आरंभीची मूळ पाटी आहे, कुठे चौकटीची कड छाटली गेली, कोणत्या कॅसेटमध्ये अमुक प्रसंगाचे चार सेकंद गळले. बाहेरच्याला हा नुसता कीस काढण्याचा प्रकार वाटतो. तसा तो नाही. धांदलीचा विनोद वेळेवर तोललेला असतो. रोच यांच्या स्टुडिओत लघुपट आधी प्रेक्षकांपुढे लावून बघत, हशा किती टिकतो ते पाहून कापणी ठरत असे. हार्डी चिखलात पडतो, उठतो आणि मग थेट कॅमेऱ्याकडे पाहत राहतो. ते पाहणे मुद्दाम लांबवलेले असते, कारण चित्रपटगृहातला हशा ओसरायला तेवढा अवकाश लागतो. गंभीर चित्रपटातले पाच सेकंद गेले तर थोडी माहिती जाते. इथे विनोदच जातो आणि उरतो तो नुसता पडलेला माणूस.

सेकंद गळण्याचे मूळ कारण मात्र या जोडीची लोकप्रियता हेच आहे. मूळ निगेटिव्ह नायट्रेट फिल्मवर होती, आणि प्रत काढली की निगेटिव्ह दर खेपेला थोडी झिजते. १९२७ पासून वितरण एमजीएम या चित्रपट कंपनीकडे होते. पुढे १९३० च्या दशकातच काही लघुपट नव्याने प्रदर्शित झाले. १९४० च्या दशकात पुनर्प्रदर्शनाचे हक्क फिल्म क्लासिक्स या कंपनीकडे गेले. तिने एमजीएमच्या सिंहाची पाटी काढून आपली लावली. पाठोपाठ दूरचित्रवाणी आली आणि जाहिरातींच्या सोयीने लघुपटांवर आणखी कात्री चालली. मागणी वाढत गेली तसा निगेटिव्हचा चोथा झाला. पुढच्या आवृत्त्यांपैकी बऱ्याच नकलेच्या नकलेवरून निघाल्या. अशा प्रतीत चेहरे पिठासारखे पांढरे दिसतात आणि हार्डीच्या भुवईची ती बारीक हालचाल दिसेनाशी होते. त्या माणसाचा निम्मा अभिनय भुवईत आहे.

घरी बघण्याची सोय प्रथम झाली ती ८ मिमी व १६ मिमी फिल्ममुळे. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट येथील ब्लॅकहॉक फिल्म्स या कंपनीने रोच यांच्या लघुपटांचे हक्क घेऊन टपालाने प्रती विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईकाकडे प्रोजेक्टर, एक पांढरी चादर आणि बऱ्यापैकी पगार असला की काम भागे. ब्लॅकहॉक चित्रपटाच्या आरंभी त्याविषयी माहितीची पाटी जोडत असे. चाहत्यांच्या एका अख्ख्या पिढीने चित्रपटांचा इतिहास या पाट्यांवरच शिकून घेतला. आजचे अनेक संग्राहक त्या चादरीपुढे बसूनच तयार झाले.

१९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली आणि तिच्याबरोबर संगणकाने रंग भरायचे खूळही. हॅल रोच स्टुडिओचे नाव तेव्हा ज्या कंपनीकडे होते तिनेच या तंत्राचा पुरस्कार केला. ‘द म्युझिक बॉक्स’सारखे लघुपट रंगीत होऊन विकले गेले. कृष्णधवल छायाचित्रणातला उजेड करड्या छटांचा हिशेब ठेवून टाकलेला असतो. त्यावर रंग चढवला की सगळी माणसे एकाच भांड्यात उकडल्यासारखी दिसतात. तरी रंगीत कॅसेट घेणारे पक्के शुद्धतावादीही होते. एखाद्या लघुपटाची रंगीत आवृत्ती चांगल्या प्रतीवरून काढलेली असली, तर टीव्हीचा रंग शून्यावर आणून ती कृष्णधवल बघता येई.

डीव्हीडीच्या काळात भांडण भूगोलावर आले. हक्क प्रदेशाप्रमाणे वाटलेले असल्याने २००४ मध्ये ब्रिटनमध्ये २१ तबकड्यांचा भरगच्च संच निघाला, तर ज्या देशात हे चित्रपट बनले तिथल्या चाहत्यांना बोलक्या लघुपटांच्या मोठ्या संचासाठी २०११ पर्यंत थांबावे लागले. तो दहा तबकड्यांचा होता आणि मूकपट त्यात नव्हते. दरम्यान अमेरिकेतले शौकीन सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारे प्लेअर घेऊन ब्रिटिश संच मागवत. त्यात आणखी एक गोम होती. युरोपातली, तशीच भारतातलीही, पाल पद्धती सेकंदाला २५ चौकटी दाखवते; बोलपट २४ चौकटींनी चित्रित झालेले. त्यामुळे तबकडीवर चित्रपट चार टक्के अधिक वेगाने धावतो : वीस मिनिटांचा लघुपट १९ मिनिटे १२ सेकंदांत आटोपतो आणि हार्डीचा मृदू, अमेरिकेच्या दक्षिणेकडचा आवाज किंचित चिरका होतो. पुष्कळांना हे जाणवतही नाही. ज्यांना एकदा जाणवले त्यांना मात्र पुन्हा स्वस्थ बघता येत नाही.

ध्वनीची बाब तर चित्रापेक्षा नाजूक. जोडीचा पहिला बोलपट ‘अनअकस्टम्ड ॲज वी आर’ (१९२९) आला तेव्हा आवाज वेगळ्या तबकडीवर असे. ती तबकडी हरवल्याने हा ‘पहिला बोलपट’ कित्येक वर्षे मुकाच राहिला होता. १९७० च्या दशकात तबकडी सापडल्यावर त्याला पुन्हा वाचा फुटली. पुढच्या बोलपटांतले लेरॉय शील्ड यांचे लकबदार पार्श्वसंगीत सगळ्यांच्या कानात बसले आहे, पण त्याचे स्वरलेखन हाताशी नव्हते. नेदरलँड्समधल्या ‘बो हंक्स’ या वाद्यवृंदाने संवाद आणि आदळआपटीच्या आवाजाखालून सूर कानांनी वेचून ते पुन्हा लिहून काढले आणि १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रित केले. वृंदाने नावही या जोडीच्या १९३१ च्या एका चित्रपटावरून घेतले.

प्रतीच्या अवस्थेने चित्रपटाविषयीचे मत कसे बदलते याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ (१९२७). त्यात पाय फेकून मारण्याची जंगी लढाई आहे. (पाय म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, मराठी वाचकाने गफलत करून घेऊ नये.) सुमारे तीन हजार पाय वापरल्याचे सांगितले जाते. मूळ लघुपट बेपत्ता होता. रॉबर्ट यंगसन यांनी १९५७ च्या ‘द गोल्डन एज ऑफ कॉमेडी’ या संकलनपटात घेतलेला लढाईचा संक्षेप तेवढा लोकांनी पाहिला होता. त्यात पाय उडतात आणि तोंडे माखतात, एवढेच. पहिले रीळ, ज्यात मुष्टियुद्ध आहे, १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मिळाले. दुसरे रीळ, तेही जवळजवळ पुरे, २०१५ मध्ये पियानोवादक व संग्राहक जॉन मिरसालिस यांना एका दिवंगत संग्राहकाच्या डब्यांत सापडले.

रीळ मिळाले आणि लढाईचा अर्थ लागला. विम्याचे पैसे मिळावेत म्हणून हार्डी लॉरेलच्या वाटेत केळ्याची साल टाकतो, घसरतो पायवाला. तो चिडून पाय मारतो, आणि लवकरच एखादा लागतो तिसऱ्याला. आता तिसऱ्याला कारण मिळाले. असे एकेक करून रस्ता, दुकान, दाताचा दवाखाना सगळे भांडणात ओढले जातात. प्रत्येक नवा माणूस आधी थिजतो, तोंड पुसतो, विचार करतो, मगच फेकतो. संक्षेपात नेमका हा विचार करण्याचा वेळ कापला गेला होता, म्हणून साठ वर्षे जगाला हा नुसता धुडगूस वाटला. विमा उतरवण्याचा मधला प्रसंग अजून मिळालेला नाही. पुनःस्थापित आवृत्तीत तिथे स्थिरचित्रे व पाट्या घातल्या आहेत.

ही आवृत्ती २०२० च्या ‘द डेफिनिटिव्ह रिस्टोरेशन्स’ या ब्लू-रे संचात सर्वांना उपलब्ध झाली. यूसीएलए विद्यापीठाचा चित्रपट संग्रह आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्याकडच्या जुन्या सामग्रीवरून उत्तम प्रती तयार करून त्यात घेतल्या आहेत. काही लघुपट इतके लख्ख आहेत की लॉरेलच्या कोटाची वीण मोजावी. संचावरचे भाष्य रँडी स्क्रेटव्हेट आणि रिचर्ड बॅन यांचे. दोघेही अभ्यासक होण्याआधी चाहते. १ जानेवारी २०२३ रोजी १९२७ चे चित्रपट अमेरिकेत प्रताधिकारमुक्त झाले आणि त्याच वर्षी फ्लिकर ॲली या कंपनीने त्या काळातल्या मूकपटांचा ‘यर वन’ हा संच काढला. पुढच्या वर्षी ‘यर टू’. प्रताधिकार संपला म्हणजे आवृत्ती चांगली निघते असे मात्र नाही. ‘द फ्लाइंग ड्यूसेस’ (१९३९) हा चित्रपट अमेरिकेत फार पूर्वीच प्रताधिकाराबाहेर गेला आणि त्याच्या स्वस्त, अंधुक तबकड्यांचा बाजारात सुकाळ झाला.

चाहत्यांची संघटना ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ लॉरेलच्या मृत्यूच्या वर्षी, १९६५ मध्ये, चरित्रकार जॉन मॅकेब व त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये स्थापन केली. नाव १९३३ च्या चित्रपटातल्या एका गमत्या बंधुमंडळाचे. शाखांना ‘तंबू’ म्हणतात आणि प्रत्येक तंबू एखाद्या चित्रपटाचे नाव घेतो. प्रती जमवणे, अदलाबदल करणे, कुठल्या देशात कोणता तुकडा आहे याची नोंद ठेवणे हे काम हक्कदार कंपन्यांच्या कितीतरी आधी अशा हौशी मंडळींनी केले. १९२७ चा ‘डक सूप’ हरवल्याचे मानत होते. १९७४ मध्ये तो मिळाला. त्यामुळे या मंडळींना आशा सोडण्याची सवय नाही.

त्यांचा शोध आता मुख्यतः ‘हॅट्स ऑफ’ (१९२७) साठी चालू आहे. त्याच कल्पनेवर पुढे बेतलेल्या ‘द म्युझिक बॉक्स’ला १९३२ मध्ये विनोदी लघुपटाचे पहिले ऑस्कर मिळाले. त्यात दोघे पियानोची पेटी लांबलचक जिन्याने चढवतात. लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात व्हेंडोम स्ट्रीटवर तो १३३ पायऱ्यांचा जिना आजही आहे आणि चाहते तिथे जाऊन दम लागेपर्यंत चढतात. ‘हॅट्स ऑफ’मध्ये याच जिन्यावरून दोघांनी कपडे धुण्याचे यंत्र वर नेले होते. त्याची स्थिरचित्रे उपलब्ध आहेत. रीळ सापडलेले नाही.