धूर, कायदा आणि शेजारचं दार

मी बँकेत लागलो तेव्हा साहेबांच्या टेबलावर ॲशट्रे असायचाच. लोकलच्या दारात कुणी विडी पेटवली तरी कोणी हटकत नसे. मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दवाखाने, कचेऱ्या, रेल्वे अशा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये कायदा आला. २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले. दंड २०० रुपयांपर्यंत.

बँकेतले ॲशट्रे गेले. मी मात्र घरी आलो की आपल्या जिन्यात उभा राहून ओढायचो. "ही काय कचेरी आहे?" असं वर म्हणायचो! समोरच्या वहिनी कधी बोलल्या नाहीत, नुसतं दार लावून घ्यायच्या. एकदा त्या दारामागून मुलाचा खोकला ऐकू आला, थांबेचना. त्याला दमा होता. काकांना कसं सांगायचं, म्हणून सगळे गप्प.

त्या दिवशी सुटली ती सुटलीच. कायद्याने माझं ऑफिस बदललं, मला बदललं त्या खोकल्याने. रौप्यमहोत्सवी वर्षात तरुण मंडळींना एवढंच सांगणं: जिन्यात धूर दिसला तर दार लावू नका, उघडून सांगा. समोर वडीलधारा असला तरी.