कर्करोगोपचारानंतरची फेरतपासणी : वडीगोद्री परिसर

शस्त्रक्रिया, केमो किंवा किरणोपचार (बोलण्यात ‘लाइट’) पूर्ण झाल्यावर कर्करुग्णाला ठरावीक मुदतीने पुन्हा रुग्णालयात बोलावतात. या भेटी चुकू नयेत म्हणून रुग्णालय, आरोग्यसेवक आणि घरच्यांनी मिळून करायच्या कामाची ही नोंद आहे.

वडीगोद्री (तालुका अंबड, जिल्हा जालना) हे धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर, गोदाकाठच्या शहागडच्या अलीकडे वसलेले गाव. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर अंबडवरून वळावे लागते. छत्रपती संभाजीनगरला मात्र महामार्गाने पाचोडवरून थेट जाता येते. तेथील शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने सुरू झाले. पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. दक्षिणेकडे याच रस्त्याने बीड ओलांडून येरमाळ्याहून बार्शीचे कर्करोग रुग्णालय गाठता येते.

उपचार संपले म्हणजे आजार संपला, असा समज सर्वत्र आढळतो. तोंडाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग परत उद्भवण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. त्यामुळे तोंडाच्या रुग्णाला पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, गर्भाशयमुखाच्या रुग्णाला पहिली दोन वर्षे तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात. पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा येणे बहुधा पुरते. तोंडाच्या रुग्णांत, विशेषतः तंबाखू चालू राहिल्यास, दुसऱ्या जागी नवा कर्करोग होऊ शकतो. मानेला लाइट दिलेल्यांपैकी अनेकांची थायरॉईड ग्रंथी मंदावते, दात किडतात, तोंड उघडेनासे होते. स्तनकर्करोगात दरवर्षी मॅमोग्राफी करतात. हार्मोनच्या गोळ्या ज्यांना लागू पडतात त्यांना त्या पाच वर्षे किंवा अधिक काळ घ्याव्या लागतात आणि गोळी बंद पडल्याचे बहुतेक वेळा फेरतपासणीतच कळते.

तारीख चुकली की रुग्णाला निष्काळजी ठरवले जाते. हे अन्यायाचे आहे. जालना-बीडच्या या पट्ट्यातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्याने एकजण दवाखान्यात गेला तर दोघांचीही मजुरी बुडते, वर खाडा (गैरहजेरीचा दंड) पडतो. जानेवारीतली तारीख अशा माणसाला पाळता येणे कठीण, मग ती फाईलवर कितीही ठळक लिहिलेली असो. वैद्यकीयदृष्ट्या शक्य असेल तेव्हा निघण्यापूर्वीची आणि परतल्यानंतरची तारीख देणे, आणि मधली तपासणी टाळणे धोक्याचे असेल तर ऊसपट्ट्यातल्या जवळच्या कर्करोग केंद्राला चिठ्ठी देणे, हे रुग्णालयाचेच काम मानले पाहिजे. त्यासाठी उपचार संपताना रुग्णाला एक प्रश्न विचारावा लागतो : हंगामात तुम्ही कुठे असता?

प्रवासखर्चाचा भार काही सवलती हलका करतात. कर्करुग्णाला एसटीच्या साध्या गाडीत 75 टक्के सवलत आहे. महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहेच. रेल्वेची सवलत केवळ उपचारांसाठी नसून नियतकालिक तपासणीच्या प्रवासालाही लागू होते आणि सोबत्यालाही मिळते. रुग्णालयाचा दाखला मात्र लागतो. 2012 मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी (आताच्या महात्मा जोतिराव फुले जन) आरोग्य योजनेत 971 उपचारांबरोबर 121 पाठपुरावा सेवा सुरुवातीपासूनच धरल्या होत्या. बुडालेला रोज यांपैकी कशातूनच भरून निघत नाही.

रुग्णांचा मागोवा घेण्याच्या कामाचा मराठी मुलखातला सर्वांत महत्त्वाचा धडा बार्शीचा. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने 1987 मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. खेड्यात केवळ मृत्यूच्या दाखल्यांवर विसंबून रुग्णाचे पुढे काय झाले ते कळत नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगाव, घरोघरी जाऊन चौकशी करू लागले. याच पायावर 1999 पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 महिलांना सामावणारा गर्भाशयमुख कर्करोगाचा अभ्यास उभा राहिला. त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले : एचपीव्ही विषाणूच्या चाचणीच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. इतक्या महिलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेता आला, तर उपचार झालेल्या एका तालुक्यातील रुग्णांचा मागोवा अशक्य म्हणता येणार नाही. टाटा स्मारक केंद्राचा ‘केवट’ अभ्यासक्रम रुग्णाला रुग्णालयातून वाट दाखवणारे सहायक तयार करतो. ती वाट गावापर्यंत लांबवण्याची गरज आहे.

वडीगोद्रीसारख्या गावात हे काम आशा कार्यकर्तीच्या हाती सोपवणे सर्वांत व्यवहार्य. रुग्णाच्या संमतीने पुढची तारीख तिच्याकडेही पोहोचावी. आठवडाभर आधी आठवण द्यावी आणि तारीख टळली तर तिने कारण विचारून नवी घ्यावी. सीमकार्ड बदलत राहते, म्हणून रुग्णाबरोबर गावात राहणाऱ्या एका नातेवाइकाचा क्रमांकही फाईलवर हवा. कर्करोगाचा बोभाटा नको, ही अनेक घरांची इच्छा असते. ती पाळूनच हे करावे लागते, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असेल तेव्हा.

काही लक्षणे दिसल्यास तारखेची वाट पाहू नये : तीन आठवड्यांत न भरणारे तोंडातले चट्टे किंवा जखम, मानेत, काखेत किंवा स्तनात नवी गाठ, बसलेला आवाज, गिळताना अडकणे, अंगावरून रक्त जाणे, न थांबणारी पाठदुखी, वाढता दम. तारीख टळून कितीही महिने झाले असले तरी जुनी फाईल घेऊन जावे. फाईल हरवली असेल तर नोंदणी क्रमांक, तोही नसेल तर नाव आणि उपचारांचे वर्ष सांगून जुनी नोंद शोधायला सांगावे.